दोघांपैकी एक

२० मे

कुलूपराव,

दाराची कडी तीनदा ओढून बघून झाली असेल तर बस आणि हे वाच. फोनवर तू "हं", "बरं", "ठेवू का?" एवढंच बोलतोस. कागद पुढे आला की तुला वाचा फुटते. म्हणून कागदच पाठवतेय.

सोमवारी तू निकाल घ्यायला गेला असशील. रक्त आपण दोघांनी एकाच बाकावर बसून दिलं होतं आणि तू नर्सला सुई नवी आहे का म्हणून दोनदा विचारलं होतंस, ते आठवून मी आज कारखान्यात एकटीच हसले. पण मी निकाल घ्यायला येणार नाही. त्यावर पुन्हा वाद नको. बाबांचे हात एक्केचाळिसाव्या वर्षी आपोआप उडायला लागले, पन्नाशीत घास गिळता येईना. मी एकतीसची आहे. असलाच तो आजार माझ्यात, तर ही मधली दहा वर्षं मला सरळ जगायची आहेत. रोज सकाळी उठून बोटं बघत बसायचं नाहीये. मी दिवसाला दोनशे काजं करते. बोटांकडे तेवढ्यापुरतं बघते, तेवढं पुरे.

तेव्हा ठरलंय तसंच. तुझं तू मला सांगायचं नाहीस, मी विचारणार नाही. आणि माझं कुणालाच कळायचं नाही, मलासुद्धा.

तुझे भावोजी म्हणतात, लग्नाला चार वर्षं झाली, आता घरात मूल हवं. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याला वाटतं, बटण दाबलं की सगळं वर येतं. मी "बघू" म्हटलंय.

लिही.

ताई

—

२७ मे
(कच्चं. पाठवायचं नाही.)

ताई,

तुला माहीत आहे, मी आधी कच्चं लिहितो, मग चुका काढून पक्कं. या वेळी पक्क्यात काय येणार नाही ते आधीच ठाऊक आहे, तरी लिहितो.

निकाल ते समोर बसवूनच सांगतात. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यात तो दोष नाही." मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग बाहेरच्या कारकुनाने टाचणी लावून पाकीट दिलं. घरी येऊन मी पानं मोजली. शाळेच्या प्रयोगशाळेत माल आला की बाटल्या, बुचं, पावतीची पानं सगळं मोजूनच सही करतो, ती सवय. दोन पानं निघाली. मला वाटलं, दुसरं माझंच पुढचं पान. निकाल खाली असतो म्हणून खालून वाचलं. "दोष आढळला." मला वाटलं डॉक्टरांनी मला उलटं सांगितलं. दहा मिनिटं मी बाबांचा आजार मांडीवर घेऊन बसलो होतो.

मग वर नाव बघितलं. तुझं होतं.

त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं ते मी कच्च्यातही लिहिणार नाही.

ते पान दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिलं. कारकुनाचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "वाचलंत का?" मी म्हटलं, "नाही."

—

२७ मे

ताई,

जाऊन आलो. ठरल्याप्रमाणे काही सांगत नाही.

इकडे सर्व ठीक. शाळेत सुट्टीतले जादा वर्ग चालू आहेत, त्यांना जीवशास्त्राच्या नव्या बाई आल्या आहेत. दर शुक्रवारी शेवटच्या दोन तासांना त्या नववीच्या मुलांपुढे एक पेच ठेवतात. औषध कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, असा. आधी प्रत्येकाने पांढऱ्या चिठ्ठीवर निर्णय आणि कारण लिहायचं, मग वाद घालायचा, मग पिवळ्या चिठ्ठीवर पुन्हा लिहायचं. "अवलंबून आहे" असं कुणी लिहिलं की बाई विचारतात, "कशावर? तेही लिही." चिठ्ठ्या गोळा करून वहीत उतरवण्याचं काम माझ्याकडे दिलं आहे, कारण माझं अक्षर बरं आहे आणि चुका नसतात. दहावीनंतर पहिल्यांदाच वर्गात बसायला मिळतं आहे. मागे, सिंकशेजारी.

तू काळजी घे. जेवण वेळेवर घे. काजं करताना उजेडात बस. काळजी घे.

तुझा भाऊ

—

२४ जून

कुलूपराव,

एका पत्रात दोनदा "काळजी घे". एकही चिडवणं नाही. भावोजींची चौकशी नाही. तू दरवेळी विचारतोस, "लिफ्टमध्ये अडकले की नाही अजून?", तेही नाही.

मी विचारत नाहीये. तूही सांगू नकोस. पण मी तुझी बहीण आहे, मला अक्षरावरूनही कळतं.

एवढंच ऐक. बाबांचं सगळं तू केलंस. मी कमावत होते म्हणून घरी बसायची पाळी तुझ्यावर आली, शाळा तुझी सुटली. त्यांना भरवताना ते तुझ्या अंगावर थुंकायचे आणि तू शर्ट बदलून परत घास घ्यायचास. तुझ्या वेळी तुला कुणी परकं हात लावणार नाही. मागची खोली रिकामी करतेय. कापडाचे गठ्ठे कारखान्यात परत दिले. भावोजींना बढती होती, दुसऱ्या शहरात. त्यांनी स्वतःहून नको म्हटलं. "तो इथेच येणार ना शेवटी," म्हणाले. माणूस बोलत नाही फार, पण बोलला.

आज कात्री लागली अंगठ्याला. काही नाही, घाईत होते. तू लगेच घाबरशील म्हणून लिहिणार नव्हते, पण मग वाटलं, आता आपल्यात लपवालपवी कशाला?

ताई

—

५ जुलै
(कच्चं.)

ताई, तुझा गैरसमज झाला आहे.

(याच्यापुढे सुचलं नाही. कात्री कशी लागली? हात आपोआप हलला की तूच हलवलास?)

—

५ जुलै

ताई,

खोली इतक्यात रिकामी करू नकोस. भावोजींना बढती घ्यायला सांग. मला काही लागणार नाही. अंगठ्याला औषध लाव.

मागच्या शुक्रवारचा पेच असा होता: श्वासाचं यंत्र एक, रुग्ण तीन. एक म्हातारे शिक्षक, एक दोन मुलांची आई, एक चोरी करून पळताना पडलेला सतरा वर्षांचा मुलगा. मला वाटलं होतं, मुलं पुस्तकातलं काहीतरी सांगतील. एकानेही सांगितलं नाही. अडतीसपैकी तेवीस जणांनी यंत्र आईला दिलं, आणि कारणात स्वतःची आई लिहिली. एकाने लिहिलं, "माझी आई मला ओरडते तरी यंत्र तिलाच." वर्गात एक उंच मुलगा आहे, त्याला सगळे खांब म्हणतात. तो म्हणाला, "चोराला द्या. बाकीच्यांवर रडायला माणसं आहेत, त्याच्यावर कोण रडणार?" बाई म्हणाल्या, "हे कारण झालं की दया?" खांब म्हणाला, "बाई, दोन्हींत फरक काय असतो?" बाई म्हणाल्या, "ते मलाही सांगता येणार नाही." त्यांनी ते कबूल केलं, हे मला आवडलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पेच कागदावर असतो तोवर मुलं पटापट निर्णय देतात. बाईंनी विचारलं, "यंत्राची नळी काढायला तू स्वतः जाशील?" पिवळ्या चिठ्ठ्यांत अकरा जणांनी लिहिलं, "डॉक्टर ठरवतील."

काळजी घे.

तुझा भाऊ

—

३ सप्टेंबर

कुलूपराव,

दोन महिने लिहिलं नाही, रागावला असशील. रागावू नकोस. तू मामा होणार आहेस. दहावा आठवडा लागलाय. भावोजी रोज कॅलेंडरवर फुली मारतात. शिकाऊ मुलाने बोल्ट मोजावेत तशी.

आता तुला खरं सांगते. जूनमध्ये तुझं पत्र आलं, तोवर मी ठरवलं होतं की मूल होऊ द्यायचं नाही. तो आजार माझ्यात असेल तर पोरालाही देऊन जायचा, हे पाप माझ्याच्याने होणार नव्हतं. पण तुझं पत्र वाचलं आणि कळलं की तुझ्यात निघालाय. त्या दिवशी मी पोटभर रडले. आणि मग, तुला वाईट वाटेल, पण लिहिते, मी मोकळी झाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, अर्धं-अर्धं. आपण दोघं. दोघांपैकी एक. तुझ्यात आहे म्हणजे माझ्यात नाही. बाबांनी एकाला दिला, एकाला सोडला. मला असं वाटलं की तू माझ्या वाटचं घेतलंस. लहानपणी माझ्या वाटचा मार खायचास तसं.

म्हणून हे मूल आहे. तुझ्या जिवावर आहे. ते तुझं करेल, मी करेन, भावोजी करतील. तू फक्त शाळा सोडून कधी येतोस ते सांग. पुढच्या महिन्यापासून मी अर्धाच दिवस काम घेतलंय.

ताई

—

१३ सप्टेंबर

ताई,

हे कच्चं आहे. याचं पक्कं करणार नाही, असंच पाठवतो आहे. खाडाखोड दिसेल. भावोजी घरी आले की त्यांच्यासमोर वाच, एकटीने नको.

तुझं पत्र मंगळवारी आलं. त्यातलं "दोघांपैकी एक" मी किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. बुधवारी बाईंना म्हटलं, मी एक पेच लिहून दिला तर चालेल का? त्या म्हणाल्या, "तुम्हीच द्यायला हवा होता कधीचा." मी दोन भाऊ केले. लिहिलं: वडिलांचा आजार मुलांत उतरू शकतो. दोन भावांनी रक्त दिलं. पहिल्याला दुसऱ्याचा निकाल चुकून कळला, आजार आहे असा. दुसऱ्याने आधीच बजावलं आहे की मला कळता कामा नये. दुसऱ्याच्या घरी आता बाळ येणार आहे. पहिल्याने काय करावं?

पांढऱ्या चिठ्ठ्या: "सांगू नये" एकतीस, "सांगावं" सात. नको म्हटलंय ना, मग संपलं, असं बहुतेकांचं म्हणणं. सातांत एकीने लिहिलं, "मोठा माणूस नको म्हणाला. बाळाला कुणी विचारलं?" ही पहिल्या बाकावरची मुलगी, सगळ्यांच्या चुका काढते म्हणून तिला तपासनीस म्हणतात.

मग एक मुलगा म्हणाला, "पण बाई, अर्धं-अर्धं म्हणजे एकाला झाला तर दुसऱ्याला होणारच नाही." निम्म्या वर्गाने माना हलवल्या. बाईंनी वाद थांबवला. प्रत्येकाला दोन नाणी दिली, एक मोठ्या भावाचं, एक धाकट्याचं. छापा म्हणजे आजार. अडतीस मुलांनी एकदम नाणी उडवली, बाकांखाली घरंगळली, नुसता गोंधळ. मी फळ्यावर मोजून लिहिलं. नऊ घरांत दोघांनाही आजार. दहा घरांत कुणालाच नाही. एकोणीस घरांत एकाला. बाई म्हणाल्या, "दुसऱ्या नाण्याला पहिल्याचं काय पडलं ते कळतं का? प्रत्येकाचं नाणं वेगळं." ताई, हे मी मेपासून जाणत होतो. तुला लिहायला हवं होतं. माझं काहीही आलं असतं तरी तुझं नाणं वेगळंच होतं.

पुढे कुणीतरी सुचवलं, भावाने नुसतं विचारावं, "मला माहीत आहे, तुला ऐकायचं आहे का?" सगळ्यांना पटलं. तपासनीस उभी राहिली. "वेडे आहात का? काही नसतं तर त्याने उड्या मारत सांगितलं असतं. विचारलं म्हणजे सांगितलंच की." मी सिंकपाशी नळ्या पुसत होतो, पुसलेल्याच पुन्हा पुसत होतो.

मग खांब म्हणाला, "या पहिल्या भावाचं स्वतःचं काय आलं? ते लिहिलंच नाहीये."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "पेच तुमचा आहे. सांगा."

मी म्हटलं, "त्याचं चांगलं आलं आहे. त्याच्यात नाही."

खांब म्हणाला, "हात्तिच्या! मग तो भावाला जपत वगैरे काही नाहीये, बाई. आपण सुटलो, हे त्याला तोंडाने सांगवत नाहीये. लाज वाटतेय त्याला."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. पिवळ्या चिठ्ठ्यांत "सांगावं" सव्वीस झाले. त्यातल्या बऱ्याच जणांनी कारण लिहिलं नाही, नुसतं "सांगावं" आणि खाली रेघ. तास संपल्यावर बाई थांबल्या. मला वाटलं काही विचारतील. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सुट्टी घ्या हवी तर."

ताई, माझ्यात ते नाही.

तुला वाटलं तेव्हा मी तुला थांबवलं नाही. तू मला दुखणेकरी समजून माया करत होतीस आणि मला ते बरं वाटत होतं, कारण तेवढा वेळ आपण दोघं एका बाजूला होतो.

बाकी सांगायचं राहिलेलं तू आता ओळखलं असशील. दवाखान्यातून माझ्या पाकिटात तुझं पान आलं होतं. ते माझंच समजून मी वाचलं. पोटातल्या बाळाचीही तपासणी होते असं त्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, पण ती ठरावीक आठवड्यांतच. आता आठवडे थोडे उरले आहेत. म्हणून लिहिलं.

तुझा भाऊ

—

२४ सप्टेंबर

पत्र सोमवारी आलं. भावोजी घरी येईपर्यंत थांबले नाही. त्यांच्यासमोर वाच असं तू लिहिलंस, तिथेच अर्धं कळलं होतं.

"माझ्यात ते नाही" या ओळीपाशी आले तेव्हा, तुला खोटं वाटेल, मी आधी हसले. मोठ्याने. शेजारीण दारात आली काय झालं बघायला. मी म्हटलं, माझा भाऊ बरा आहे. ती म्हणाली, आजारी होता का? मी म्हटलं, नाही, कधीच नव्हता. ती गेल्यावर पुढचं वाचलं.

भावोजींना मीच सांगितलं. त्यांनी अवजारांची पेटी उघडून सगळे पाने काढले आणि पुसून परत आत ठेवले. बढतीच्या जागी दुसरा माणूस गेलाय.

तू लाज वगैरे लिहिलंस. ठेव तुझ्यापाशी. तू सुटलास याचा मला आनंद आहे आणि तो तू माझ्याकडून काढून घेऊ शकत नाहीस. पहिल्यांदा तुला काय वाटलं असेल तेही मला कळतं. मलाही जूनमध्ये तेच वाटलं होतं, आणि मी ते तुला पत्रात लिहून पाठवलं. आपण सारखेच आहोत.

पण एक सांगते. तुझ्या वर्गातली पोरं हुशार आहेत. नाणी उडवली, लाज ओळखली, बाळाची बाजू मांडली. पण अडतीस जणांत एकानेही विचारलं नाही की निकाल कळला कधी आणि बाळ राहिलं कधी. विचारलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं: मे महिन्यात कळला, बाळ जुलैत राहिलं. मेमध्ये माझ्या पोटात कुणी नव्हतं. तेव्हा तुझं एक वाक्य मला नुसतं दुःख देऊन गेलं असतं. आता त्याच वाक्याने माझ्यापुढे जे ठेवलंय त्याला तुझ्या बाईंकडे कुठल्या रंगाची चिठ्ठी आहे ते विचार.

मी नको म्हटलं होतं, खरंय. नको म्हणताना मला कुठे ठाऊक होतं की तुझ्या गप्प बसण्यातून मी काय काय वाचणार आहे? तुला ठाऊक झालं होतं, २४ जूनच्या पत्रानंतर. तेव्हा "तुझा गैरसमज आहे" एवढं लिहिलं असतंस तरी पुरे होतं.

दवाखान्यात फोन केला. ते म्हणाले, पोटातल्याचं तपासायचं तर आधी आईचा निकाल आईला कळलेला असावा लागतो. मी म्हटलं, कळलाय. ते म्हणाले, आमच्याकडून कळायला हवा. तसा नियम आहे. सोमवारी सकाळी नऊची वेळ दिलीय. भावोजी बाहेर बसणार, त्यांना आत बसवत नाही म्हणतात. आत तू ये. डॉक्टर बोलायला लागले की मी त्यांच्याकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेन. तुला आधीच माहीत आहे, तुझं तोंड तरी बदलणार नाही.

तिथे रडायचं नाही. मला धीर द्यायचा नाही. काळजी घे म्हणायचं नाही. बसायचं.

बाळाचं काय करायचं ते मी आणि हे ठरवू. काय ठरलं ते तुला कळवायचं की नाही, हेही मीच ठरवीन. तुला वाट बघावी लागेल.

नऊला म्हणजे नऊला.

ताई